चाकोरी आणि कायदा : कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील वाहनविहाराचे नियमन

१

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आज बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र अगदी मूर्त आहे. गाडीच्या चाकाने जमिनीवर उमटवलेला खोलगट पट्टा म्हणजे चाकोरी. एका गाडीची चाकोरी दुसरीला वाट दाखविते, दुसरीची तिसरीला, आणि काही वर्षांनी त्या वाटेला ‘वहिवाट’ हे नाव मिळून तिच्यावर हक्क सांगितला जातो. वहिवाटीच्या रस्त्यांचे तंटे आपल्याकडे मामलेदारापुढे कित्येक पिढ्या चालत आलेले आहेत.

चाकाची खूण आणि कायद्याचा हक्क यांमधील हा संबंध आपल्या शिवारापुरताच मर्यादित नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या वाळवंटात गेली सुमारे साठ वर्षे याच संबंधावरून एक मोठा वाद चालू आहे. तेथे वाद शेतकऱ्यांचा नसून विहारार्थ येणाऱ्या नगरवासीयांचा आहे, आणि वाहन बैलगाडी नसून मोटारसायकल, जीप अथवा वाळूवर धावणारी हलकी मोटार आहे. सार्वजनिक मालकीच्या वाळवंटी भूमीवर अशा वाहनांना कोठे जाऊ द्यावे, कोठे अडवावे आणि हे कोणत्या प्रमाणाने ठरवावे, या प्रश्नांचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, नियमन करणाऱ्या शासनाने ‘वाट कोठे असावी’ हा प्रश्न दीर्घकाळ टाळून ‘वाट कोठे पडली आहे’ एवढाच प्रश्न विचारला. आणि त्यामुळे ज्या चाकाला आवर घालावयाचा, त्याच चाकाला नियम घडविण्याचे सामर्थ्य प्राप्त झाले.

२

प्रथम या भूमीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेकडून दक्षिणेस मेक्सिकोच्या सीमेपर्यंत मोहावे आणि कोलोरॅडो या नावांचे वाळवंटी प्रदेश पसरलेले आहेत. पुढे कायद्याने ‘कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण क्षेत्र’ म्हणून जे क्षेत्र निश्चित झाले, त्याचा विस्तार सुमारे २ कोटी ५० लाख एकर असून त्यांतील जवळजवळ निम्मी भूमी त्या वेळी एकाच संघराज्यीय खात्याच्या ताब्यात होती. पाऊस अत्यल्प. अनेक ठिकाणी बारीक खड्यांची एक घट्ट फरसबंदी भूमीवर नैसर्गिकरीत्याच तयार झालेली असते. तिच्याखालची माती वाऱ्यापासून सुरक्षित राहते ती या फरसबंदीमुळे. काही ठिकाणी शैवाल, दगडफूल आणि सूक्ष्म जीव यांनी मातीचा पापुद्रा बांधून धरलेला असतो. ‘क्रिओसोट’ नावाचे झुडूप मुळाकडून वर्तुळाकार पसरत जाते. जॉन्सन व्हॅलीच्या परिसरातील अशा एका वर्तुळाचे वय सुमारे ११,७०० वर्षे असावे असा अंदाज वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला आहे. थोडक्यात, येथील जीवन मंद गतीने वाढते आणि त्याहूनही मंद गतीने सावरते.

याचे सर्वांत बोलके प्रमाण सैन्याने ठेवले आहे. उत्तर आफ्रिकेतील युद्धाची तयारी म्हणून जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये या प्रदेशात वाळवंटी युद्धाचे प्रशिक्षण केंद्र उभारले. १९४४ मध्ये ते बंद झाले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही अनेक ठिकाणी स्पष्ट दिसतात. ज्या भूमीवर एकदा गेलेल्या वाहनाची खूण आठ दशके टिकते, तेथे ‘तात्पुरता उपयोग’ या शब्दप्रयोगाला फारसा अर्थ उरत नाही.

कायद्याची घडण मात्र नेमकी उलट गृहीतावर झालेली होती. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील सार्वजनिक भूमी ही वाटून टाकावयाची वस्तू मानली जात असे. १८६६ च्या खाणविषयक कायद्यातील एका वाक्याने, राखून न ठेवलेल्या सार्वजनिक भूमीवरून महामार्ग बांधण्याचा हक्क सरसकट देऊन टाकला. त्यासाठी अर्ज नको, नोंद नको. रस्ता केला की हक्क उत्पन्न झाला. वसाहतीच्या विस्तारकाळात ही तरतूद सोयीची होती यात शंका नाही. परंतु वाट पडणे म्हणजेच हक्क मिळणे, हा विचार तिने अमेरिकन भूमिकायद्यात रुजविला, आणि पुढील शतकभर तो तेथून हलला नाही.

१९३४ च्या टेलर चराई कायद्यापासून उरलेल्या भूमीचे नियमन करण्याची दृष्टी येऊ लागली. १९४६ मध्ये जुने ‘जनरल लँड ऑफिस’ आणि ‘ग्रेझिंग सर्व्हिस’ ही दोन खाती एकत्र करून ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे खाते निर्माण झाले. जमीनवाटपाचे दप्तर आणि गुरचराईचे परवाने ही त्याची पित्रार्जित मालमत्ता होती. विहारासाठी येणाऱ्या लोकांचे काय करावे याचा त्याला अनुभव नव्हता, आणि त्यांना आवरण्यास पुरेसे मनुष्यबळही नव्हते.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या जीपगाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. १९६० नंतरच्या दशकात हलक्या जपानी मोटारसायकली सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आल्या. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स यांनी फायबरग्लासच्या हलक्या सांगाड्याची वाळूवरची मोटार तयार केली आणि तिच्या असंख्य नकला निघाल्या. लॉस एंजेलिससारखे विस्तीर्ण नगर वाळवंटापासून काही तासांच्या अंतरावर होते. शुक्रवारी सायंकाळी कुटुंबासह निघावे, उघड्या माळावर तंबू ठोकावा, मुलांना छोट्या मोटारसायकलवर बसवावे आणि रविवारी परतावे, असा एक नवाच परिपाठ पडला.

या लोकांची बाजू येथे न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. ते बहुतांशी कामकरी व मध्यम वर्गातील होते. ज्यांना नगरात मोकळी जागा नव्हती त्यांना येथे ती विनामूल्य मिळत होती. भूमी सार्वजनिक आहे, म्हणजे ती आमचीही आहे, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. ज्यांना पायी हिंडावयाचे आहे त्यांनाच निसर्गाचा अधिकार का, हा त्यांचा प्रश्न तर आजही सहज निकालात काढता येत नाही.

परंतु संख्या वाढली तशी एकाची मौज दुसऱ्याच्या आणि भूमीच्या मुळावर येऊ लागली. याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे बारस्टो ते लास व्हेगस ही मोटारसायकल शर्यत. ती १९६७ मध्ये सुरू झाली. १९७४ च्या शर्यतीत सुमारे तीन हजार स्पर्धक उतरले. एका रांगेत उभ्या राहिलेल्या हजारो मोटारसायकली एकाच वेळी सुटतात तेव्हा झुडपे, बिळे आणि मातीचा पापुद्रा यांचे काय होते, हे पाहण्यास शास्त्रज्ञाची गरज नव्हती. तरी शास्त्रज्ञांनीही ते पाहिले. बर्कली येथील सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स आणि भूवैज्ञानिक हॉवर्ड विल्शायर यांनी या हानीकडे सातत्याने लक्ष वेधले. जानेवारी १९७३ मध्ये मोहावेवरून उठलेले धुळीचे लोट अवकाशातून घेतलेल्या चित्रांत दिसले, आणि मनुष्याने मोडलेल्या भूपृष्ठाशी त्यांचा संबंध जोडण्यात आला.

हानी केवळ निसर्गाची नव्हती. कोलोरॅडो नदीकाठच्या ब्लाइथ गावाजवळ वरचे काळसर खडे बाजूस सारून भूमीवर रेखलेल्या प्रचंड मानवाकृती व प्राण्यांच्या आकृती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी मानवाकृती १७० फुटांहून लांब आहे. मोहावे आणि क्वेचन या आदिवासी समाजांच्या दृष्टीने त्या पवित्र होत. या आकृत्यांवरूनही चाके फिरली. पुढे कुंपण घातले गेले. परंतु कुंपणाच्या आत चाकाच्या रेघा जुन्या रेघांना छेदीत आजही दिसतात. वस्तुतः दोन्ही रेघा एकाच पद्धतीने उमटलेल्या आहेत. एक कोणीतरी विचारपूर्वक काढली, दुसरी कोणाच्या ध्यानातही आली नाही, हाच काय तो भेद.

४

शासनाची हालचाल १९७० च्या सुमारास सुरू झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये रस्त्याबाहेरील वाहनांची नोंदणी व त्यांच्यासाठी निधी यांविषयीचा कायदा केला. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा अध्यक्षीय आदेश काढला. देशात अशी सुमारे पन्नास लाख वाहने असल्याचे त्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे. संघराज्याच्या प्रत्येक भूमिखात्याने आपल्या ताब्यातील कोणत्या भागात वाहने जावीत आणि कोणत्या भागात जाऊ नयेत हे ठरवावे; ठरविताना माती, पाणी, वनस्पती व वन्यप्राणी यांची हानी आणि इतर उपभोक्त्यांशी होणारा संघर्ष हे कमीत कमी राहतील असे पाहावे, ही या आदेशाची आज्ञा होती.

आदेशाचे महत्त्व त्याच्या दिशेत आहे. प्रथम भूमीची परीक्षा करावी आणि मग वाट द्यावी, हा क्रम त्याने सांगितला. १८६६ च्या विचाराची ही उलटापालट होती. प्रत्यक्षात मात्र हा क्रम पाळला गेला नाही. कॅलिफोर्निया वाळवंटासाठी ब्यूरोने १९७३ मध्ये जी अंतरिम योजना लागू केली, तिच्यात काही क्षेत्रे सर्वस्वी खुली, काही बंद, काहींत नेमून दिलेल्या वाटांपुरती मोकळीक, आणि बऱ्याच मोठ्या क्षेत्रात ‘अस्तित्वात असलेल्या’ वाटांपुरती मोकळीक, असे प्रकार करण्यात आले. हा शेवटचा प्रकार प्रशासनाला सोपा होता. त्यासाठी भूमी तपासावी लागत नव्हती, नकाशा काढावा लागत नव्हता. वाहनचालकाने समोर चाकोरी पाहावी आणि तीवरून जावे. ती चाकोरी गेल्या वर्षीची की गेल्या आठवड्याची, हे सांगणार कोण?

देशभरासाठी १९७४ मध्ये केलेल्या नियमांत ब्यूरो याच्याही पुढे गेला आणि आपली बहुतेक सर्व भूमी त्याने सरसकट खुली धरली. या नियमांविरुद्ध ‘नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन’ने न्यायालयात धाव घेतली. आदेशाने सांगितलेल्या कसोट्या न लावता असा सरसकट निर्णय करणे आदेशाशी विसंगत आहे, असा निवाडा संघराज्यीय न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. त्याच वर्षी बारस्टो–व्हेगस शर्यतीला परवानगी नाकारण्यात आली. त्यावर ‘वाळवंटातील भुताळी बदक’ अशा अर्थाचे विनोदी नाव धारण करून निघालेल्या आवाहनांनुसार पुढील काही वर्षे विनापरवाना निषेधफेऱ्या निघत राहिल्या. बंदीचा कागद एकीकडे आणि मोकळा माळ दुसरीकडे, अशी ही अवस्था होती.

२४ मे १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी दुसऱ्या आदेशाने पहिल्याला धार आणली : हानी होत असल्याचे दिसताच तो भाग तत्काळ बंद करावा असे त्यात म्हटले होते. तत्पूर्वी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी संघराज्यीय भूमिधोरण व व्यवस्थापन कायदा अमलात आला होता. सार्वजनिक भूमी यापुढे सामान्यतः संघराज्याच्याच स्वामित्वात राहील, हे तत्त्व त्याने स्वीकारले. १८६६ ची मार्गविषयक तरतूद रद्द केली, परंतु तोवर उत्पन्न झालेले हक्क कायम ठेवले. आणि कॅलिफोर्निया वाळवंटासाठी स्वतंत्र कलम घालून, गणवेशधारी रक्षकदलाची तरतूद करून, १९८० च्या सप्टेंबरअखेर सर्वंकष योजना सादर करण्यास ब्यूरोला फर्माविले.

५

ही योजना १९८० मध्ये तयार झाली. एवढ्या विस्तीर्ण भूमीचा उपयोग चार वर्गांत वाटून देण्याचा तो प्रयत्न होता : नियंत्रित, मर्यादित, मध्यम आणि सघन. वाहनांच्या बाबतीत सघन वर्गातील काही क्षेत्रे पूर्ण मोकळी ठेवली गेली. मर्यादित वर्गात मान्यताप्राप्त वाटा आणि मध्यम वर्गात अस्तित्वात असलेल्या वाटा वापरता येतील असे ठरले.

‘अस्तित्वात असलेली वाट’ या पदाची व्याख्या योजनेने केली, आणि ती व्याख्याच या इतिहासाचे मर्म आहे. १९८० मध्ये योजना मंजूर होण्यापूर्वी पडलेली, निदान दोन फूट रुंदीची आणि पूर्वीच्या वाहनवापराच्या ठळक खुणा असलेली, ती वाट. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मात्र पूर्वापार वापर एवढेच प्रमाण पुरे. दोन फूट म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकांमधील अंतरही नव्हे. काही मोटारसायकली एकामागोमाग गेल्या की एवढा पट्टा सहज उमटतो. अर्थात व्याख्येत १९८० ही मर्यादा होती, आणि ती महत्त्वाची होती. परंतु त्या वर्षी कोणत्या वाटा होत्या याचा पूर्ण व निर्विवाद नकाशा नसल्यामुळे ही मर्यादा कागदावर राहिली. वाळवंटात चाकोरी लवकर पुसत नाही. तशीच तिच्यावर तिची जन्मतारीखही लिहिलेली नसते.

योजनेत दुरुस्ती करून १९८३ मध्ये बारस्टो–व्हेगस शर्यत पुन्हा सुरू करण्यात आली. स्पर्धकांच्या संख्येवर मर्यादा आली, मार्ग आखून देण्यात आला. ती १९८९ पर्यंत चालली. तिचा शेवट केला तो एका कासवाने. मोहावेतील वाळवंटी कासव आयुष्याचा फार मोठा भाग बिळात घालविते, प्रजननक्षम होण्यास त्याला बारा ते वीस वर्षे लागतात, आणि त्याचे बीळ चाकाखाली कोसळले तर ते आतच गाडले जाते. रोग, कावळे आणि वस्तीची वाढ हीदेखील त्याच्या ऱ्हासाची कारणे होत. वाहन हे त्यांतील एक. १९८९ मध्ये तातडीने आणि १९९० मध्ये कायमस्वरूपी या कासवाची नोंद संघराज्याच्या संरक्षित प्राण्यांच्या सूचीत झाली. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने त्याचा दर्जा अधिक गंभीर वर्गात नेण्याचा निर्णय केला. यावरून चार दशकांच्या नियमनानंतरही त्याची स्थिती सुधारली नाही, असेच म्हणावे लागते.

दक्षिणेकडील अल्गोडोनेस वाळूच्या टेकड्यांवर हीच कथा एका वनस्पतीच्या निमित्ताने घडली. चाळीस मैलांहून लांब असलेल्या या टेकड्यांवर नोव्हेंबरातील सुट्टीत लाखाच्या वर लोक जमतात. पिअरसनची मिल्कव्हेच ही तेथील दुर्मिळ वनस्पती १९९८ मध्ये संरक्षित सूचीत आली. २००० मध्ये न्यायालयीन तडजोडीने सुमारे ४९,००० एकर क्षेत्र वाहनांना तात्पुरते बंद झाले. पुढे २०१३ च्या योजनेने त्यातील बराच भाग पुन्हा मोकळा केला. बंद करणे, तक्रार, पुन्हा मोकळे करणे, पुन्हा खटला, हा क्रम तेथे जणू ऋतुचक्रासारखा ठरून गेला.

६

दरम्यान १९९४ च्या कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने डेथ व्हॅली व जोशुआ ट्री यांना राष्ट्रीय उद्यानांचा दर्जा दिला, मोहावे राष्ट्रीय राखीव क्षेत्र निर्माण केले आणि ब्यूरोच्या भूमीतही अनेक निर्वाहन वनक्षेत्रे घोषित केली. सीमा विधिमंडळाने आखल्या, म्हणून तेथील वाद बव्हंशी मिटला. उरलेल्या भूमीवर मात्र वाटांचा प्रश्न तसाच राहिला.

पश्चिम मोहावेसाठी २००६ मध्ये ब्यूरोने वाटांची सर्वंकष आखणी केली आणि पाच हजारांहून अधिक मैलांच्या वाटा वाहनांना मोकळ्या ठरविल्या. तिच्याविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात २००९ मध्ये न्यायाधीश सूझन इल्स्टन यांनी दिलेला निवाडा आमच्या प्रतिपाद्याच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १९८० च्या योजनेनुसार केवळ त्या वर्षी अस्तित्वात असलेल्या वाटाच मोकळ्या ठेवता येतात. ब्यूरोने त्यानंतर पडलेल्या वाटाही आपल्या जाळ्यात घेतल्या. शिवाय हानी कमीत कमी राहील अशा कसोटीवर त्या पारखल्या नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे नियम लागू झाल्यानंतर नियमाविरुद्ध पडलेल्या चाकोऱ्या पंचवीस वर्षांनी शासनाच्याच नकाशात अधिकृत वाटा म्हणून प्रविष्ट झाल्या होत्या.

ब्यूरोने नवी आखणी २०१९ मध्ये पूर्ण केली. तीत मोकळ्या वाटांची लांबी सहा हजार मैलांच्या आसपास गेली, आणि १९८० ची मर्यादाच योजनेतून दूर करण्यात आली. प्रत्येक वाट तिच्या गुणदोषांवर पारखावी, तिच्या वयावर नव्हे, असे याचे समर्थन करता येते, आणि तत्त्वतः ते चूक नाही. परंतु ज्या सूचीतून पारख करावयाची ती सूची चाकांनीच तयार केलेली असते, ही अडचण त्याने सुटत नाही.

न्यायालयांकडून सर्व काही होईल ही अपेक्षाही फोल ठरली आहे. यूटा राज्यातील अशाच वाहनहानीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २००४ रोजी एकमताने असे ठरविले की, खात्याला कायद्याने नेमके सांगितलेले विशिष्ट कृत्य करण्यास न्यायालय भाग पाडू शकते. भूमीची राखण नीट करीत नाही एवढ्या सर्वसाधारण कारणास्तव त्याच्या दैनंदिन कारभारात मात्र हात घालू शकत नाही. चुकीची आखणी रद्द होऊ शकते. न केलेली राखण करवून घेता येत नाही.

तेव्हा खुल्या क्षेत्रांतही कारभार लागतोच, ही गोष्ट दुःखद रीतीने सिद्ध झाली. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन व्हॅलीतील रात्रीच्या शर्यतीत एक वाहन गर्दीत घुसून आठ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. ‘खुले’ म्हणजे ‘विनानियम’ नव्हे, याचा धडा घेण्यासाठी दिलेली ही किंमत फार मोठी होय. २०१९ च्या मार्च महिन्यातील कायद्याने ड्युमाँट ड्यून्स, एल मिराज, रेझर, स्पँगलर हिल्स आणि स्टॉडर्ड व्हॅली या पाच क्षेत्रांना वाहनविहारक्षेत्राचा दर्जा दिला. येथेही सीमा विधिमंडळाने विचारपूर्वक आखल्या, आणि वाहनप्रेमींना कायद्याचे निश्चित संरक्षण मिळाले.

७

या विवेचनावरून असे दिसते की, जेथे निर्णय आधी झाला तेथे संरक्षण आणि विहार दोन्ही टिकले. राष्ट्रीय उद्याने एकीकडे आणि घोषित विहारक्षेत्रे दुसरीकडे, हे याचे दाखले होत. जेथे ‘आधीच आहे ते चालू द्या’ असे म्हणून निर्णय टाळला, तेथे तंटा वाढला, कासवांची संख्या घटली आणि नियम पाळणाऱ्या वाहनचालकालाही आपली वाट उद्या राहील की नाही हे कळेनासे झाले. टाळलेल्या निर्णयाचा लाभ फक्त एकालाच मिळाला : जो सर्वांच्या आधी, सर्वांत दूर, कोणतीही वाट नसलेल्या ठिकाणी गेला त्याला.

वहिवाटीचा न्याय आपल्याकडे टिकला, कारण ती वाट शेतावर जाण्यासाठी लागत असे आणि तिच्या दोन्ही बाजूंस राहणारी माणसे तिला साक्ष असत. निर्जन वाळवंटात साक्ष देणारे कोणी नाही. तेथे चाकोरी ही एकटीच वादी, साक्षीदार आणि पुरावा होते. म्हणून अशा भूमीवर पुराव्याचा भार चाकोरीवर नव्हे, तर ती मान्य करणाऱ्या शासनावर असावयास हवा. १९७२ च्या आदेशाने हेच सांगितले होते. त्या आदेशाला पन्नास वर्षे उलटून गेली, आणि पॅटनच्या रणगाड्यांच्या रेघा अजून तशाच आहेत.